फळाची वेळ देवाची, कामाची वेळ आपली

शिक्षण झाले तरी मनाजोगते काम मिळत नाही, काम मिळाले तरी त्यात जीव रमत नाही, लग्न जमत नाही, मूल होत नाही, आपण ज्यासाठी जन्माला आलो असे आतून वाटते ते कार्य काही केल्या हाती लागत नाही; अशा अवस्थेत अडकलेल्या माणसाला हल्ली दोन तऱ्हेचे सल्ले ऐकावे लागतात. एक असा की, देवाने तुझ्यासाठी योग्य वेळ ठरवून ठेवलेली आहे, तू फक्त धीर धर. दुसरा असा की, असल्या भाकड समजुती सोडून दे, थांबला तो संपला, ऊठ आणि आपले नशीब आपल्या हाताने घडव. या दोन सल्ल्यांच्या कैवाऱ्यांमध्ये अखंड वाद चाललेला असतो आणि तो वाईट रीतीने चाललेला असतो. एक बाजू दुसरीला अश्रद्ध ठरवते, दुसरी पहिलीला ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ म्हणून हिणवते, आणि दोघांनीही एकच चूक केली आहे हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, हे दोघांनीही गृहीत धरलेले आहे. एकाला त्यात भक्ती दिसते आणि दुसऱ्याला आळस दिसतो, इतकाच काय तो फरक.

माझे मत आधीच सांगून टाकतो. देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणे ही विचारी माणसाला शोभणारी भूमिका आहे; परंतु हा विश्वास फळाच्या वेळेपुरता आहे, कामाच्या वेळेला तो लागू नाही. काम केव्हा करायचे हे आपल्याला बहुतेक वेळा कळत असते, आणि जे आपल्याला कळते त्याचा भार देवावर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. फळ केव्हा येईल, येईल की नाही, आणि आले तर आपण मागितले त्याच रूपात येईल का, हे मात्र कळत नाही. विश्वासाची जागा तेवढीच. या भेदातून आणखी एक गोष्ट निघते आणि या वादात नेमकी तीच कोणी बोलत नाही. धीर ही माणसाने स्वतःच्या बाबतीत पाळायची गोष्ट आहे. ज्याचे काम आपल्या हातात अडकून पडले आहे त्याला ‘देवाची वेळ येऊ दे’ असे सांगणे म्हणजे आपण काम टाळायचे आणि त्याचे खापर देवाच्या डोक्यावर फोडायचे.

विरोधकांचे म्हणणे सोपे करून सांगितले की ते खोडणे सोपे जाते, म्हणून त्यांचे सर्वांत कठीण आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप दोन हजार वर्षांहून जुना आहे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास देवांच्या स्वरूपाविषयी लिहिताना सिसेरो या रोमन विचारवंताने एक किस्सा दिला आहे. डायगोरस नावाचा नास्तिक सॅमोथ्रेस बेटावर गेला असता त्याच्या मित्राने त्याला तेथील चित्रे दाखवली. देवाला नवस बोलून वादळातून वाचलेल्या लोकांनी ती कृतज्ञतेने लावलेली होती. देव माणसांची काळजी घेत नाहीत असे म्हणतोस ना, मग हे इतके लोक वाचले कसे, असे मित्राने विचारले. डायगोरसने उत्तर दिले की, जे बुडाले त्यांची चित्रे कोठेच लावलेली नाहीत. धीराच्या कथांचेही असेच आहे. सतराव्या वर्षी विकला जाऊन, मध्ये तुरुंगवास भोगून तिसाव्या वर्षी इजिप्तचा कारभारी झालेला बायबलमधला योसेफ आपल्याला ठाऊक असतो. त्याच तुरुंगात शेवटपर्यंत कुजलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मेंडेल या मठवासी संशोधकाचे वाटाण्यांवरील प्रयोग १८६६ मध्ये छापले गेले, १८८४ मध्ये तो वारला आणि १९०० मध्ये जगाला त्याचे महत्त्व कळले, ही हकिकत मोठ्या कौतुकाने सांगतात. पण ज्यांच्या वह्या कोणाच्याच हाती लागल्या नाहीत ते आपल्या दाखल्यांत येणार कसे?

दुसरा आक्षेप तर्काचा आहे. मागितलेले मिळाले तर देवाची वेळ आली, नाही मिळाले तर ती यायची आहे, आणि कधीच मिळाले नाही तर देवाच्या मनात काही वेगळे होते. काहीही घडले तरी जे विधान खोटे पडत नाही, त्या विधानाने आपल्याला सांगितले तरी काय? हे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत, आणि श्रद्धावंतांनी त्यांच्याकडे पाठ फिरवणे हे श्रद्धेचे लक्षण नसून भीतीचे लक्षण आहे असे मी म्हणेन. मात्र हे आक्षेप नेमके कशाचे खंडन करतात ते पाहावे. ते भाकिताचे खंडन करतात. ‘थांबलास तर हमखास मिळेल’ हे भाकीत आहे आणि ते खोटे आहे. कित्येकांना मिळत नाही हे डोळ्यांसमोर दिसते. विश्वास ही वेगळी गोष्ट आहे. जेथे भाकीत करता येत नाही तेथे माणसाने वागावे कसे, याचा तो निर्णय आहे. त्याची पारख तो खरा ठरतो की खोटा यावर करता येत नाही. त्याने माणसाच्या हातून काय घडते यावरच ती करावी लागते. आणि बुडालेल्यांची चित्रे धर्माच्या भिंतींवर कधीच लावली गेली नाहीत, हे तरी खरे आहे का?

बायबलमधील यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात एक ओळ आहे. तुमच्याविषयीच्या माझ्या योजना मला ठाऊक आहेत, त्या तुमच्या हिताच्या आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणाऱ्या आहेत, असा तिचा आशय आहे. जगभर ती शुभेच्छापत्रांवर छापली जाते, परीक्षेत नापास झालेल्या मुलांना पाठवली जाते, नोकरी गेलेल्यांना ऐकवली जाते. ती जेथून उचलली आहे ती जागा मात्र फार थोडे लोक पाहतात. ते एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमचे जे लोक कैद करून नेले, त्यांना यिर्मयाने ते मागे राहून लिहिले आहे. कैद्यांना एकच प्रश्न छळत होता, परत केव्हा जायचे? त्या सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून जाहीर करत होता की, दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया त्या वेळी मानेवर लाकडी जू घालून हिंडत असे, दास्य इतक्यात संपत नाही हे लोकांना दिसावे म्हणून. हनन्याने ते जू काढून मोडून टाकले. लोकांना कोण आवडले असेल हे सांगायला नको. यिर्मयाचे पहिले उत्तर ‘आमेन, तसेच होवो’ असे होते, ही बारीकशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. लवकर सुटका व्हावी असे त्यालाही वाटत होतेच.

पत्रात त्याने लिहिले की, सत्तर वर्षे लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ कोणीही परत जाणार नव्हते. हिताच्या योजनांची ती गोड ओळ या सत्तर वर्षांच्या लगेच पुढची आहे. आणि तिच्या आधी कामांची यादी आहे: घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, लग्ने करा, मुलांची लग्ने लावून द्या, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे भले व्हावे म्हणून झटा आणि त्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! देवाच्या वेळेवरील विश्वासाचा जो उतारा सर्वांत अधिक उद्धृत केला जातो, त्यात हात जोडून बसण्याचा आदेश कोठेही नाही. मुक्कामाची जागा तात्पुरती समजून सामान न उघडता बसलेल्या लोकांना तो सांगतो की, सामान उघडा. शिवाय तो बुडालेल्यांनाच उद्देशून आहे. तुमच्या हयातीत हे घडणार नाही, असे तो त्यांना तोंडावर सांगतो. डायगोरसने हे पत्र वाचले असते तर त्याचा नास्तिकपणा सुटला असता असे मी म्हणत नाही, पण आपला आक्षेप त्याला या पत्रापुढे जसाच्या तसा मांडता आला नसता.

हनन्याचे वंशज मात्र कधीच संपले नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस २२ ऑक्टोबर १८४४ असा ठरवला होता. त्यांच्यातील काहींनी शेतातली उभी पिके कापलीच नाहीत, कारण नंतर खाणार कोण? दिवस उजाडला आणि मावळला. देवाच्या वेळेवर विश्वास असणे आणि देवाची वेळ आपल्याला ठाऊक असणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि ज्याला ती ठाऊक असते तो सर्वांत आधी हातातले काम टाकतो. ‘यंदा तुझी वेळ येणार, मला आतून जाणवते आहे’ असे एखाद्या थकलेल्या माणसाला सांगणारा हितचिंतक थोड्या प्रमाणात हेच करत असतो. त्याचा हेतू चांगला असतो. हनन्याचाही बहुधा चांगलाच असेल.

आता जीवितकार्याच्या कल्पनेकडे वळू, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे. प्रत्येकाचे एकच एक ठरलेले कार्य असते, ते कोठेतरी तयार ठेवलेले असते, आणि एका विशिष्ट दिवशी ते आपल्या हाती सुपूर्द होते, अशी समजूत आज आस्तिकांत आहे तशीच नास्तिकांतही आहे. फक्त नास्तिक त्याला देवाची योजना न म्हणता अंतःप्रेरणा वगैरे म्हणतात. या समजुतीमुळे त्या दिवसाच्या आधीचे सगळे आयुष्य प्रस्तावनेसारखे वाटू लागते. विल्यम कॅरी या चांभारकाम करून वाढलेल्या इंग्रज धर्मप्रचारकाचे उदाहरण येथे मुद्दाम घेतो. भारतात लोकांना ख्रिस्ती करणे हेच आपले जीवितकार्य अशी त्याची खात्री होती. तो १७९३ मध्ये बंगालमध्ये आला. पहिल्या हिंदू माणसाचा बाप्तिस्मा झाला डिसेंबर १८०० मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. मधल्या काळात पोटासाठी निळीच्या कारखान्यावर नोकरी करता करता तो भाषा शिकत होता, आणि पुढे त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठीचा कोश छापला. ज्या फळासाठी त्याने देवाकडे धरणे धरले होते ते फळ त्याच्या अपेक्षेच्या मानाने फारच थोडे आले. आज त्याच्या धर्मप्रचाराविषयी काडीचीही आस्था नसलेला मराठी अभ्यासक त्याचे नाव आदराने घेतो, ते त्या ‘मधल्या काळातल्या’ कामासाठी. मग त्याचे जीवितकार्य नेमके कोणते होते? त्याला विचारले असते तर त्याने पहिले सांगितले असते. हे ठरवण्याचा अधिकार त्याला होता, पण निकाल त्याच्या हाती नव्हता, आणि फळाची वेळ व रूप आपल्या हाती नाही म्हणताना मला अभिप्रेत आहे ते हेच. कॅरीदेखील नावानिशी तरलेल्यांपैकीच आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. परंतु मी त्याच्याकडून यशाची हमी मागत नाही. वाट पाहणारा माणूस दिवसभर काय करत होता एवढेच पाहतो आहे.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो तर्काने मिटत नाही. काही दारे बंद होतात. मूल होण्याचे वय निघून जाते, शरीर साथ सोडते, ज्यांच्यासाठी काही करून दाखवायचे होते ते आईवडील डोळे मिटतात. ‘उशीर झाला तरी अंधार नाही’ अशी वाक्ये त्या माणसाला ऐकवणे ही क्रूरता आहे, कारण त्याच्या बाबतीत खरोखरच अंधार झालेला आहे. श्रद्धेच्या जुन्या परंपरांनी ही गोष्ट आपल्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. चाळीस वर्षे इस्राएल लोकांना वाळवंटातून नेणारा बायबलमधला मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त देश डोळ्यांनी पाहतो आणि तेथेच मरतो. नदी ओलांडण्याची परवानगी त्याला मिळत नाही, मागूनही मिळत नाही. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात विश्वासू पूर्वजांची लांबलचक नामावळी दिल्यावर, हे सर्व वचनाचे फळ न मिळताच मेले, असे स्पष्ट म्हटले आहे. विश्वास ठेवणाऱ्याला शेवटी मिळतेच, ही आजची गुळगुळीत समजूत कोठून आली ते मला ठाऊक नाही; या ग्रंथांतून तर ती आलेली नाही.

एवढे मान्य केल्यावर दुसऱ्या सल्ल्याचे लोक म्हणतील की, मग थांबताच कशाला, घाई केलेली बरी. घाईचाही हिशेब मांडून पाहू. बायबलमधील अब्राहामला देवाकडून संततीचे वचन मिळाले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. वर्षे गेली, मूल होईना. तेव्हा त्याच्या पत्नीने, सारेने, आपली मिसरी दासी हागार त्याला दिली, आणि तो शहाऐंशी वर्षांचा असताना इश्माएल जन्मला. पुढे शंभराव्या वर्षी सारेपासून इसहाक झाला आणि दासीचा मुलगा घरात खुपू लागला. अब्राहामाने एके दिवशी पहाटे उठून भाकरी आणि पाण्याची पखाल हागारच्या खांद्यावर दिली आणि तिला मुलासह घालवून दिले. पखालीतले पाणी संपल्यावर तिने मुलाला एका झुडपाखाली ठेवले आणि आपण बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली, कारण त्याचे मरण तिला पाहवणार नव्हते. देवाने तेथे मुलाचा आवाज ऐकला असे कथा सांगते. पण घाई कोणाची होती आणि पखाल कोणाच्या खांद्यावर आली, हा प्रश्न कथा वाचून संपल्यावरही सुटत नाही. स्वतःचे नशीब स्वतः घडवणाऱ्यांच्या यशोगाथांमध्ये अशा हागार पुष्कळ असतात. त्यांचीही चित्रे कोठे लावलेली नसतात.

म्हणून धीर चांगला की घाई चांगली, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. किंमत कोण मोजतो, असे विचारावे. स्वतःच्या प्रतीक्षेची किंमत जो स्वतः मोजतो त्याच्या धीराला धीर म्हणता येईल. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याला जो थांबवून ठेवतो आणि त्याला देवाची इच्छा म्हणतो, त्याचे काय? मराठी माणसाला याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. आपला विठ्ठल हा वाट पाहणारा देव आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, देव दारात आला तरी त्याने हातातले काम सोडले नाही, वीट पुढे सरकवली, आणि देव त्या विटेवर अठ्ठावीस युगे उभा राहिला. या कथेत थांबतो तो देव, भक्त कामात आहे. आणि त्याच देवाच्या मंदिराबाहेर चौदाव्या शतकात चोखोबा थांबले. त्यांना कोणी थांबवले? विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणाऱ्याने तर नक्कीच नाही. चोखोबांनंतर सहा शतके तेच दार त्यांच्या लोकांना बंद राहिले, आणि या सहा शतकांत धीराचा उपदेश करणाऱ्यांची वाण कधीच पडली नसेल. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभले, तेव्हा ते दार उघडले. गुरुजी श्रद्धावान होते. देवाची वेळ आली का, याची विचारपूस करत ते बसले नाहीत, कारण दार उघडणे हे माणसांचे काम होते आणि माणसांकडूनच ते राहिले होते.

नाशिकला काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह काही वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. ‘अजून लोकांची मने तयार नाहीत, हळूहळू होईल’ असे म्हणणाऱ्यांना आपण धर्म राखतो आहोत असे वाटत होते. त्यांच्या हळूहळूने देवाच्या दारातली माणसे दारावरून कायमची गेली, हा हिशेब त्यांनी कधी मांडला का?

अमेरिकेतही हेच झाले आणि तेथे हा वाद धर्मोपदेशकांतच झाला, म्हणून तो आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांची निदर्शने चालू असताना आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढून ती अविचारी आणि अवेळी असल्याचे म्हटले. मार्टिन ल्यूथर किंग त्या वेळी तेथील तुरुंगात होते. ते निवेदन वर्तमानपत्रात आले होते, आणि जवळ कागद नसल्याने त्यांनी वर्तमानपत्राच्याच कोऱ्या कडांवर उत्तर लिहायला सुरुवात केली. १६ एप्रिलची तारीख असलेले ते पत्र पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, काळ स्वतः तटस्थ असतो, तो आपोआप काहीच बरे करत नाही. देवाचे सहकारी होऊ पाहणारी माणसे अथक खपतात तेव्हाच प्रगती होते. निवेदन काढणारे दुष्ट नव्हते. त्यांच्यातील काहींनी वंशभेदाविरुद्ध आधी सौम्य शब्दांत का होईना, लिहिलेही होते. त्यांची चूक एवढीच की, आपल्या शहराच्या कामाची वेळ त्यांनी देवाच्या वेळेच्या खात्यावर टाकली, आणि त्या विलंबाची किंमत त्यांना स्वतःला मोजायची नव्हती. किंग हे स्वतः पाळक होते, प्रार्थना करणारे होते, आणि अंतिम न्यायावर त्यांचा विश्वास त्या आठ जणांपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

येथवर आल्यावर श्रद्धावंत वाचक अडवेल आणि म्हणेल की, सगळे कामावरच आणून ठेवले तर मग देव उरला कोठे? प्रयत्नवादी आणि भाविक यांत फरक काय राहिला? प्रश्न रास्त आहे. फरक कामात दिसत नाही. काम करणाऱ्याच्या मनात दिसतो, आणि तो लहान नाही. सगळे माझ्याच हातून घडायचे आहे असे मानणाऱ्याला थांबता येत नाही, झोप लागत नाही, आपल्याबरोबरीच्याला आधी मिळाले की त्याचा जीव जळतो, आणि अपयश आले की आपण कमी पडलो एवढाच एक अर्थ त्याच्यापाशी उरतो. फळ माझ्या ताब्यात नाही हे ज्याने मनापासून मानले आहे त्याला दुसऱ्याच्या यशाचे वैषम्य वाटण्याचे कारण उरत नाही. ज्याचे फळ आपल्या हयातीत येणार नाही असे काम तो हाती घेऊ शकतो. बाबेलमध्ये लावलेल्या बागा शेवटी कोणाच्या झाल्या, याची त्याला पडलेली नसते. असे मन निव्वळ इच्छाशक्तीने तयार होते का? काहींचे होत असेल. अशी माणसे मी मानतो, त्यांना उसनी श्रद्धा चिकटवण्याची मला गरज वाटत नाही. पण पुष्कळांचे तसे होत नाही, आणि त्यांना हा विश्वास जे बळ देतो त्याला भ्रम म्हणून हिणवणाऱ्याने त्याच्या जागी दुसरे काय द्यायचे ठरवले आहे, ते तरी सांगावे.

राहता राहिला प्रश्न सांत्वनाचा, कारण बहुतेकांच्या वाट्याला हा विषय तेथेच येतो: समोर कोणीतरी वाट पाहून थकलेले असते आणि आपल्याला काही बोलायचे असते. बायबलमधील ईयोब या सर्वस्व गमावलेल्या सज्जनाचे मित्र त्याच्याकडे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, आणि माझ्या मते ती त्यांची सर्वांत चांगली कामगिरी होती. नंतर ते बोलू लागले. देव न्यायी आहे, धीर धर, शेवटी तुझे भले होईल, असे सगळे ते बोलले, आणि पुस्तकाच्या अखेरीस देव त्यांच्यावर रागावतो की, माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. ईयोबाचे दिवस पालटल्याचे सर्वांना माहीत असते. ते कसे पालटले याकडे कोणी फारसे पाहत नाही. परमेश्वराने त्याची स्थिती पालटली असे ग्रंथ सांगतो, आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतो की, त्याचे भाऊबंद, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, आणि प्रत्येकाने त्याला एकेक नाणे आणि एकेक सोन्याची अंगठी दिली. त्याच्या मेंढरांचा, उंटांचा आणि बैलांचा हिशेब त्यानंतर येतो. देवाने दिले आणि सोयऱ्याधायऱ्यांनी आणून दिले, या दोन विधानांत लिहिणाऱ्याला काहीही विसंगती दिसलेली नाही.